डोळे न उघडलेल्या पिल्लांसाठी: मा. पशुसंवर्धन मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सादर नमस्कार.

मी दापोली तालुक्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमची नारळ-पोफळीची वाडी आहे. हे पत्र कुत्र्याच्या नवजात पिल्लांच्या शेपट्यांविषयी आहे. आपल्या टेबलावर याहून मोठे विषय पडलेले असतील, तरीही हे शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

आधी माझ्या हातून घडलेलं सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या गोठ्यात चांदी नावाची गावठी कुत्री व्याली. चार पिल्लं झाली. वाडीवर कामाला येणारे एक जाणते गृहस्थ म्हणाले, "बाई, राखणीला ठेवायची असतील तर शेपट्या तोडूया. शेपूट तोडलं की कुत्रा तिखट होतो." मी विचारलं, दुखणार नाही का? ते म्हणाले, "डोळे उघडायच्या आत केलं की काही कळत नाही." मी विश्वास ठेवला. घरातला सुपारीचा अडकित्ता मीच आणून दिला आणि पिल्लं मीच धरली. चांदीला बाहेर बांधलं होतं. तिने दोरी तुटेल एवढी ओढ घेतली. पिल्लं तळहातात मावणारी, पण त्यांचा आवाज शेजारच्या वाडीत गेला. धाकट्याची जखम चिघळली, तिच्यात अळ्या पडल्या आणि ते नवव्या दिवशी गेलं. उरलेली तिघं मोठी झाली. ती ना जास्त तिखट झाली, ना जास्त राखण करणारी. चांदीसारखीच झाली.

"कळत नाही" हा शब्द तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही. पुढे मी वाचत गेले, पशुवैद्यांना विचारत गेले. पिल्लाचे डोळे दहा ते चौदा दिवसांनी उघडतात, कान त्यानंतर थोड्याच दिवसांत. पण वेदना डोळ्यांतून आत येत नाही. ती नेणाऱ्या नसा जन्मतःच कामाला लागलेल्या असतात. मेंदूकडून खाली येऊन वेदना आवरणारी जी यंत्रणा मोठ्या कुत्र्यात असते, ती मात्र पिल्लात अजून कच्ची असते. ऑस्ट्रेलियात 1996 साली संशोधकांनी पन्नास पिल्लांची शेपूट तोडताना नोंद ठेवली. कापण्याच्या क्षणी सगळी किंचाळली. नंतर काही मिनिटांत ती झोपली, एवढंच धरून "बघा, दुखलं नाही" असं आजही सांगितलं जातं. तान्हं मूल रडून रडून झोपलं तर आपण असं म्हणतो का?

अडकित्ता किंवा कोयती आता कमी झाली. त्यांच्या जागी आलेला प्रकार मला जास्त घातक वाटतो, कारण तो सभ्य दिसतो. किनाऱ्यालगत बंगले, फार्महाऊस, राहण्याच्या खोल्या वाढल्या, तशी रॉटवायलर आणि डॉबरमनची मागणी वाढली. जातिवंत दिसायला शेपूट आखूडच हवं, असा गिऱ्हाइकाचा आग्रह. गेल्या वर्षी शेजारच्या गावात एका घरी रॉटवायलरची सहा पिल्लं पाहिली. प्रत्येकाच्या शेपटीच्या बुडाशी घट्ट रबरी कडं. हे कडं मूळचं मेंढरांच्या शेपट्यांसाठी आणि खच्चीकरणासाठी निघालेलं. त्याने रक्तपुरवठा तुटतो, पुढचा भाग काळा पडतो, वाळतो आणि काही दिवसांत गळून पडतो. घरमालक अभिमानाने म्हणाले, "रक्ताचा एक थेंबसुद्धा येत नाही." थेंब येत नाही हे खरं. पण आपल्या बोटाला दोरा करकचून बांधला तर दहा मिनिटांत काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. इथे तो दोरा बोट गळेपर्यंत सोडत नाहीत, आणि त्यात हाड, स्नायू, नसा सगळं जिवंत असतं. रक्त नाही म्हणून शेजारीपाजारी कुणी हटकत नाही. आई चाटत राहते. आमच्या दमट हवेत मेलेल्या मांसाच्या कडेला काय वाढतं, ते मी चांदीच्या पिल्लात पाहिलं आहे.

काही जण पशुवैद्याकडे नेऊन कात्रीने तोडून घेतात. हात कुशल असला तरी तीन-चार दिवसांच्या पिल्लाला बहुधा भूल दिलेली नसते, आणि तोडण्याचं कारण तेच असतं, दिसणं. तोडलेल्या टोकाशी कधी नसांची गाठ तयार होते आणि ती जागा पुढे दुखत राहू शकते. अपघातात शेपूट चिरडलं किंवा त्यावर ट्यूमर झाला, म्हणून भूल देऊन ते काढावं लागतं, त्याला माझा काडीचाही विरोध नाही. तो उपचार आहे.

यावर नेहमी एक युक्तिवाद येतो: शेपूट पुढे जखमी होतं, म्हणून आधीच काढलेलं बरं. ब्रिटनमध्ये याचा हिशेब करून पाहिला आहे. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सव्वा लाखाहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. शेपटीला इजा झालेल्यांचं प्रमाण 0.23 टक्के निघालं. संशोधकांच्या हिशेबाने एका कुत्र्याची इजा टाळायला सुमारे पाचशे पिल्लांची शेपटं तोडावी लागतील. स्कॉटलंडने 2007 पासून हा प्रकार पूर्ण बंद केला. झुडपांत शिकारीला जाणाऱ्या काही कामकरी कुत्र्यांची शेपटं फार जखमी होतात असं दिसल्यावर 2017 मध्ये तेवढ्यांपुरती सवलत दिली, तीही पशुवैद्याच्याच हातून आणि पहिल्या पाच दिवसांतच. ही सवलत मी मुद्दाम सांगते आहे, कारण ती खरी आहे. पण आमच्याकडच्या बंगल्याच्या फाटकाशी साखळीने बांधलेल्या रॉटवायलरला ती कुठे लागू पडते?

शेपूट तोडलं की काय जातं? धावताना झटकन वळायला, पोहताना तोल सांभाळायला ते लागतं. खाडीत उडी मारणारं गावठी कुत्रं पाहिलेल्याला हे सांगायला नको. त्याहून मोठं म्हणजे त्याची भाषा जाते. कॅनडातल्या संशोधकांनी 2008 साली यांत्रिक कुत्रा करून त्याला कधी लांब, कधी आखूड शेपूट लावलं. लांब शेपूट हलत असलं की इतर कुत्री निर्धास्त जवळ यायची, स्थिर असलं की बिचकायची. आखूड शेपटीत त्यांना हा फरक ओळखता येत नव्हता. ज्या कुत्र्याचा राग-लोभ दुसऱ्या कुत्र्याला वाचता येत नाही, तो गल्लीत भांडणातच सापडायचा. "तिखट" म्हणतात ते बहुधा हेच असावं.

आता कायद्याकडे येते. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 च्या कलम 11 मध्ये प्राण्याचा अवयव छाटून त्याला विद्रूप करणं हा गुन्हा आहे. त्याच कलमात अपवाद दिले आहेत: गुरांची शिंगं काढणं, आणि प्राण्यांचं खच्चीकरण, डाग देणं, वेसण घालणं, तेही ठरवून दिलेल्या पद्धतीने. कुत्र्याचं शेपूट त्या यादीत कुठेही नाही. 2017 च्या श्वान प्रजनन नियमांनुसार पिल्लं विकणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची आहे आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. आमच्या भागात मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांतल्या एकालाही ही नोंदणी ठाऊक नव्हती.

आणि पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. आमच्या वाडीतलं एक शहाळं तेवढ्याला जातं. हा केंद्राचा कायदा, आमच्या हातात काय, असं उत्तर कृपया देऊ नका. बैलगाडा शर्यतींसाठी महाराष्ट्राने 2017 मध्ये याच कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली आणि सर्वोच्च न्यायालयाने 18 मे 2023 रोजी ती वैध ठरवली. बैलगाडीसाठी जी वाट सापडली, ती पिल्लांसाठीही सापडेल. दंडाची रक्कम माणसाला जाणवेल इतकी करणारी दुरुस्ती आपण मांडावी.

दुरुस्तीला वेळ लागेल हे मला कळतं. परिपत्रकाला लागत नाही. राज्यातल्या प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्याला आपल्या विभागाने स्पष्ट लिहून कळवावं की उपचाराखेरीज शेपूट किंवा कान कापणं हा गुन्हा आहे, ते कुणीही करू नये आणि रबरी कडंही त्यातच येतं. हे शेवटचं वाक्य कृपया गाळू नये. दवाखान्याच्या दारावर मराठीत पाटी लागावी. 28 सप्टेंबरला जागतिक रेबीज दिनाच्या निमित्ताने लसीकरण होतं, तेव्हा गावोगावचे लोक कुत्री घेऊन येतात. पशुधन विकास अधिकाऱ्यांनी तिथेच दोन मिनिटं बोलावं. पिल्लं विकणाऱ्यांची नोंदणी खरोखर तपासली जावी. आणि जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीकडे तक्रार करायची तर कुठे, कुणाकडे, एवढं तरी ग्रामपंचायतीच्या फलकावर असावं. मी ते शोधण्यात तीन आठवडे घालवले.

लोक ऐकणार नाहीत असं मला मुळीच वाटत नाही. इथून जवळच वेळासच्या किनाऱ्यावर कासवाची अंडी पूर्वी काढली जायची, खाल्ली जायची. सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेतलं आणि आज तीच मंडळी रात्री जागून घरटी राखतात. माझ्या हातात अडकित्ता होता, त्या दिवशी मला कुणी एक वाक्य नीट सांगितलं असतं, तर मी तो परत फडताळात ठेवला असता.

भाद्रपदात आमच्याकडे कुत्र्या माजावर येतात. त्यानंतर दोन महिन्यांनी, कार्तिक-मार्गशीर्षात, गोठ्यागोठ्यांत पिल्लं होतात. आपलं परिपत्रक त्याआधी तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचावं.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
ता. दापोली, जि. रत्नागिरी