आधी वासराचं पोट, मग खरवस

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला खरवसाचा लेख वाचला आणि कालपासून डोकं तापलंय. वेलदोडा, जायफळ, केशर सगळं ठीक, पण 'वासराने तोंड लावायच्या आत पहिल्या धारेचा चीक मिळवा' हे छापताना तुमच्या ऑफिसात गोठा बघितलेलं एकही माणूस नव्हतं का?

अहो, गाय-म्हशीच्या पोटात असताना आईच्या रक्तातल्या अँटिबॉडी वासराकडे जातच नाहीत, वार (गर्भाला आईशी जोडणारा, व्याल्यावर बाहेर पडणारा भाग) त्या अडवते. म्हणजे जन्मलेलं वासरू रोगांपुढे अगदी उघडं असतं आणि त्याला जे काही मिळणार ते चिकातूनच. तेसुद्धा लवकर, पहिल्या तास-दोन तासांत, कारण नंतर आतडं ते शोषून घ्यायचं कमी कमी करत जातं आणि 24 तासांनी जवळजवळ बंदच होतं. 30 किलोच्या वासराला पहिल्या दिवसात निदान 3 लिटर चीक जायला पाहिजे. आई आपलं काम चोख करते हो, व्याली की लगेच चाटायला लागते, त्याने पिल्लू कोरडं होतं, अंगात रक्त खेळतं, श्वास नीट लागतो आणि तिला त्याचा वास कळतो. पहिलारू बावरली तर आमच्याकडे वासराच्या अंगावर थोडं मीठ नाहीतर कोंडा टाकतात, मग चाटते. पुढचं आपण बिघडवतो.

माझ्या चुलत दिरांच्या गोठ्यात म्हैस रात्री व्याली. तिने चाटून चाटून रेडकू उभं केलं, ते धडपडत सड शोधत होतं आणि दीर म्हणाले, वार पडल्याशिवाय पाजायचं नाही. वार पडायला आठ-दहा तासही लागतात, तोवर ते लेकरू उपाशी? उलट ते प्यायला लागलं की म्हशीच्या अंगात जे हार्मोन सुटतं त्यानेच गर्भाशय आवळतं आणि वार पडायला मदत होते, हे मी तेव्हाही सांगितलं, कुणी ऐकलं नाही. सकाळी शहरातलं गिऱ्हाईक बाटल्या घेऊन दारात हजर, रेडकू नर म्हणून कुणाला त्याचं काही पडलेलं नाही, दुपारी उरलंसुरलं त्याच्या तोंडाला लावलं. हगवण लागली आणि आठवड्याच्या आत गेलं. म्हैस दावं ताणून ओरडत राहिली, पान्हाच सोडेना, तर घरातले इंजेक्शन कुठे मिळेल ते विचारत फिरायला लागले. मी तोंडावर बोलले त्यांना आणि अजून त्या घरी मला कुणी धड बोलत नाही, चालेल.

खरवस खाऊ नका असं मी म्हणत नाही, मलाही आवडतो. चांगल्या दुभत्या जनावराला वासराचं पोट भरून चीक उरतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचाही वापरता येतो, थोडा पातळ असतो म्हणून त्यात दूध कमी घालायचं एवढंच.

आणि हो, जनावरांच्या डॉक्टरांचं सदर तुम्ही का बंद केलंत? राशिभविष्याला अख्खं पान आहे आणि आमच्या गोठ्याला चार ओळी नाहीत. ते सदर चालू असतं तर हा सल्ला छापायच्या आधी कुणीतरी अडवला असता. येत्या रविवारी दुरुस्ती छापा, आतल्या कोपऱ्यात नको, रेसिपीच्या त्याच पानावर आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरात.

– एक दूध उत्पादक, तालुका फलटण