विषय : तुमच्या गणिती सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत चालू रन (सुरू असलेली आकडेमोड) थांबवता येत नाही

प्रति,
उत्पादन विभाग प्रमुख

तुमच्या हेल्पलाइनवरचा कॉल आत्ताच संपला. संपला की कापला, ते तुमच्याकडच्या रेकॉर्डिंगवरून ठरवा. दर वेळी सुरुवातीला ‘गुणवत्तेसाठी हा कॉल रेकॉर्ड होत आहे’ असं ऐकवता, तर एकदा तुम्हीही ऐकाच.

मेनू काढून रिबन, म्हणजे वरची बटणांची पट्टी आणली, हे तुम्हाला सांगायला नको. ऑटोकम्प्लीटची, म्हणजे अर्धवट लिहिलेलं नाव पुरं करून देणारी यादी आता आपोआप उघडते, तेही तुम्हीच केलंय. पूर्वी यादीतलं नाव घ्यायला टॅब दाबावा लागे आणि एंटर म्हणजे ओळ चालव. आता एका एंटरमध्ये नावही बदलतं आणि ओळही चालते. मी लिहिलं ‘ए’, यादीने बसवलं ‘एफुल’, आणि चाचणीच्या छोट्या मॅट्रिक्सऐवजी ४०,००० बाय ४०,००० ची मॅट्रिक्स सोडवायला निघाली. डबल प्रिसिजनमध्ये एका आकड्याला ८ बाइट, म्हणजे ती नुसती साठवायलाच १२.८ जीबी. सोडवायचं काम तर आकाराच्या घनाने वाढतं.

अशा वेळी रन थांबवायचा असतो. त्यासाठी कंट्रोल-सी होतं. ते तुम्ही फक्त कॉपीसाठी ठेवलं आणि ‘थांबवा’ हे बटण रिबनच्या तिसऱ्या टॅबमध्ये नेलं. मोठा रन चालू असताना अख्खी रिबन करडी पडते, क्लिकच घेत नाही. रन संपला की बटण लगेच चालू! आग विझल्यावरच पाणी सोडणारा बंब आहे हा. मग उरतो टास्क मॅनेजर. तिथून प्रोसेस मारली की मेमरीतले बाकीचे सगळे व्हेरिएबल्सही गेले.

आता तो कॉल. तुमच्या प्रतिनिधीने आधी सांगितलं, “सर, थांबवा बटण रिबनवर आहे.” मी म्हटलं, रिबन गोठते. “मग रन संपू द्या सर, बटण आपोआप चालू होईल.” मी विचारलं, संपू द्यायचा असता तर थांबवायला कशाला निघालो असतो? यावर होल्डचं संगीत. बऱ्याच वेळाने वरिष्ठ आले. त्यांना सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. शांतपणे ऐकून घेऊन ते म्हणाले, “पण सर, रन थांबवायची वेळच तुमच्यावर का येते? आमच्या डेटानुसार फार थोडे युजर ते बटण वापरतात.” जे बटण दाबताच येत नाही, ते दाबणारे मोजणार कुठून? हे मी त्यांना विचारलंही. उत्तर आलं, “जुन्या युजर्सना नव्या इंटरफेसची सवय व्हायला थोडा वेळ लागतो, सर.” आणि वर, “अजून काही मदत करू शकतो का?”

अजून? आधीची कुठली?

माझ्या तक्रारीचं टिकट उघडून पाहिलं तर त्यावर ‘सुधारणेची सूचना’ असा शेरा मारून ते बंद केलेलं. मला उपरोधाने लिहायचं नव्हतं, पण बिघाडाला सूचना म्हणायची ही सुधारणा मात्र तुम्हाला चांगली जमली आहे.

हाय-रिझोल्यूशन स्क्रीनवर अक्षरं आता धारदार दिसतात, हे मान्य. डार्क थीममधला आलेख पीडीएफमध्ये काढला की अक्षांवरचे फिकट आकडे पांढऱ्या कागदावर गायब होतात, त्यावर वेगळं पत्र लिहीन. आधी रन थांबवू द्या. पुन्हा सांगतो : रन चालू असताना तो थांबवता आला पाहिजे. कोड लिहून चालवायचं ज्युपिटर फुकट मिळतं, आणि तिथे कमांड मोडमध्ये ‘आय’ दोनदा दाबला की कर्नलला, म्हणजे मागे कोड चालवणाऱ्या प्रोग्रामला, थांबण्याचा इशारा जातो. तुमचं लायसन्स आम्ही दर वर्षी पैसे मोजून घेतो.

कंट्रोल-सी परत द्या. थांबवण्याचा इशारा इंटरफेस गोठलेला असतानाही कर्नलपर्यंत पोचेल असं करा. एंटरने नाव स्वीकारणं सेटिंगमधून बंद करता येऊ दे. पुढच्या अपडेटमध्ये हे नसेल तर आमच्या विभागाचं नूतनीकरण विसरा. कोड ऑक्टेव्ह या दुसऱ्या, फुकट मिळणाऱ्या गणिती सॉफ्टवेअरमध्ये न्यायला कष्ट पडतील, पण तिथे कंट्रोल-सी चालतं. इतकी वर्षं नव्या मुलांना तुमचंच सॉफ्टवेअर शिका म्हणून सांगत आलो, आता कोणत्या तोंडाने सांगू?

उत्तर लेखी हवं. आणि त्याला रिबनचा स्क्रीनशॉट जोडू नका. बटण कुठे आहे ते मला दिसतंय.