टेकडी आणि नदीकाठच्या फेरीला कुत्रे घेऊन येणाऱ्यांसाठी सूचना

नमस्कार मंडळी,

या रविवारी सकाळी ठीक सहाला पुण्यातल्या वेताळ टेकडीवर एआरएआयच्या (वाहन संशोधन संस्थेच्या) बाजूने चढायचं आहे. आठच्या आत खाली उतरू, कारण ऑक्टोबरचं ऊन खडकावर लवकर तापतं आणि पंजे भाजतात.

सगळ्यांनी पट्टा लावूनच चालायचं. टेकडीवर मोर आहेत, ते जमिनीवरच अंडी घालतात. मोकळा कुत्रा झुडपात घुसला की त्यांची पळापळ होते. शिवाय गवतात घोणस असते, आणि कुत्रा नाकच आधी पुढे करतो. चावल्याची नुसती शंका आली तरी त्याला चालवू नका, उचलून थेट डॉक्टरांकडे न्या.

सध्या सर्वात जास्त त्रास कुसळांचा आहे. वाळलेलं कुसळ बोटांच्या फटीत किंवा कानात शिरलं की आत आतच सरकत जातं. गेल्या वर्षी आमच्या कुत्रीच्या पंजात गाठ झाली, शेवटी चिरून काढावं लागलं. घरी गेल्यावर बोटं, कान, काखा नीट तपासा. गोचिडीही तिथेच सापडतात.

नदीपात्रातली फेरी पुढच्या रविवारी. खडकवासला धरणातून पाणी सोडलेलं असेल तर ती रद्द समजा, वेगळा निरोप येणार नाही. मुठा नदीचं किंवा डबक्यांचं पाणी कुत्र्यांना पिऊ देऊ नका. अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो) या आजाराची लस कुत्र्याला दरवर्षी द्यावी लागते, राहिली असेल तर आधी ती द्या.

पाणी, वाटी आणि विष्ठेसाठी पिशवी प्रत्येकाने स्वतःची आणावी. पिशवी वाटेत न टाकता खाली घेऊन यायची आहे.