रेटिंग छापता, तर वजनही छापावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईच्या इंडियन डर्बीच्या किंवा बेंगळूरच्या मोठ्या शर्यतींच्या दिवशी आपल्या दैनिकात घोड्यांची नावे, त्यांचे रेटिंग (आजवरच्या कामगिरीवरून दिलेला गुणांक) आणि संभाव्य विजेते छापले जातात. त्या मजकुराविषयी एक सूचना करावीशी वाटते.

मागच्या रविवारी खडेबाजारातील एका चहाच्या दुकानात शेजारच्या गृहस्थांनी तुमचे ते पान चौघडी करून पुढ्यात ठेवले होते आणि तीन शर्यतींत सर्वांत जास्त रेटिंगच्या घोड्याभोवती पेनाने गोल केले होते. तिन्ही शर्यती हँडिकॅपच्या, म्हणजे सरस घोड्यावर जास्त वजन लादून सर्वांना बरोबरीत आणणाऱ्या, होत्या! माझी हयात मार्केट यार्डात काट्यावर गेली असल्याने माझे लक्ष आधी वजनाकडे गेले, पण ते पानावर कुठेच नव्हते.

आपल्याकडे हँडिकॅपमध्ये रेटिंगच्या एका अंकाला अर्धा किलो धरतात. म्हणजे 80 रेटिंगच्या घोड्यावर 60 किलो असतील, तर 60 रेटिंगच्या घोड्यावर 50 किलोच येतात, आणि जॉकी व खोगीर धरूनही भार कमी पडला तर खोगिराच्या कप्प्यांत शिशाच्या पट्ट्या घालून तो भरून काढतात. दोघांतला फरक असा आधीच फेडला गेल्यावर केवळ मोठा आकडा पाहून पैसे लावणे म्हणजे पोत्याचे वजन वजा न करताच मालाचा हिशेब करणे होय. मेलबर्न कपसारखी जगप्रसिद्ध शर्यतसुद्धा हँडिकॅपच आहे. डर्बीचे तसे नाही. तिथे 2400 मीटरवर चार वर्षांचे घोडे ठरलेल्या वजनानेच धावतात, माद्यांना दीड किलोची सवलत मिळते, त्यामुळे तिथे रेटिंगमधला फरक खरोखर बोलतो. मात्र ते रेटिंग घोड्याने 1200 मीटरवर मिळवले की 2000 मीटरवर, हेही पाहावे लागते, कारण अंतर वाढले की त्याच घोड्याचा दम उघडा पडतो.

दुसरे असे की, रेटिंग सर्वांनाच दिसते, म्हणून ते भावात, म्हणजे जिंकल्यास लावलेल्या पैशांच्या किती पट मिळणार त्या आकड्यात, आधीच उतरलेले असते. टोटवर, म्हणजे सर्वांचे लावलेले पैसे एकत्र जमा करणाऱ्या अधिकृत व्यवस्थेत, जमलेल्या रकमेतून कपात झाल्यावर उरलेले पैसे जिंकणाऱ्यांत वाटले जातात, शिवाय 2023 च्या ऑक्टोबरपासून लावलेल्या संपूर्ण रकमेवर जीएसटी आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ म्हटले ते खरे, पण अर्धीच माहिती हाती असलेल्याचे कौशल्य कसले? (गल्लीतल्या बेकायदा बुकींविषयी इथे लिहीत नाही, तो पोलिसांचा विषय आहे.)

तेव्हा प्रत्येक घोड्याच्या नावापुढे वजन, मागच्या शर्यतीचे अंतर आणि शर्यत हँडिकॅपची आहे की ठरीव वजनाची, एवढे तरी छापावे. जागा कमी पडत असेल, तर 'संभाव्य विजेते' हा चौकोन गाळला तरी चालेल.

आपला,
एक जुना वाचक, शहापूर, बेळगाव