देव न सोडता नोंदणी विवाह: विवाह अधिकारी मॅडमना आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आंतरधर्मीय जोडप्यांना सल्ला देणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांना तुम्ही १९५४च्या विशेष विवाह कायद्याचे कलम १२ ओळीओळीने समजावून दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. सप्तपदी, मंगलाष्टका, प्रार्थना, दोघांना जी पद्धत हवी त्या पद्धतीने लग्न लावता येते. अट एवढीच की विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी, त्यांना समजणाऱ्या भाषेत, एकमेकांना कायदेशीर पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचे बोलून दाखवायचे. ते शब्द राहिले, तर सगळे विधी होऊनही या कायद्याखाली लग्न पूर्ण होत नाही. जादा शुल्क भरून अधिकाऱ्यांना वाजवी अंतरावरच्या मंगल कार्यालयात बोलावता येते, हे तर बऱ्याच घरांना ठाऊकच नसते.

‘रजिस्टर लग्न म्हणजे धर्म सोडणे’ या भीतीचे मूळही तुम्ही दाखवलेत. १८७२च्या जुन्या विशेष विवाह कायद्यात वधूवरांना ‘आम्ही हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन वगैरे कोणताही धर्म मानत नाही’ असे लिहून द्यावे लागे. १९२३च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना आपापसात सूट मिळाली आणि १९५४पासून कोणालाच धर्म नाकारावा लागत नाही. व्यक्तिस्वातंत्र्य मानणाऱ्या श्रद्धाळू माणसासाठी आम्हाला ही तरतूद फार मोलाची वाटते.

घोटाळा होतो तो मुहूर्तात. दोघांपैकी एकाचे तरी त्या जिल्ह्यात सलग ३० दिवस वास्तव्य हवे, मग विवाह अधिकाऱ्यांकडे लग्नाची नोटीस, ती कार्यालयात लागल्यापासून हरकतींसाठी ३० दिवस थांबायचे आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न. आषाढीच्या सुमारास नोटीस देऊन तुळशीच्या लग्नापर्यंत थांबणाऱ्यांची नोटीस रद्द होते, कारण चातुर्मास चार महिन्यांचा. अश्विन लागताच दिली, तर ३० दिवस भरून मुहूर्तही साधतो. हा हिशेब तुमचाच, आणि तो सर्वांत जास्त कामी येतो.

हरकतीबद्दलही तुम्ही धीर दिलात. आधीचा जोडीदार हयात असणे, मानसिक अक्षमता, वय (मुलगा २१, मुलगी १८), निषिद्ध नाते, एवढ्याच मुद्द्यांवर हरकत चालते. ‘धर्म वेगळा’ हा मुद्दाच नाही. फेटाळायची की मान्य करायची, हे ३० दिवसांत ठरवावे लागते.

घाईघाईने वैदिक पद्धतीने लग्न उरकणाऱ्यांना तुम्ही वेळीच थांबवता, हेही मोठे काम. हिंदू विवाह कायद्याला दोघेही हिंदू लागतात (त्यात बौद्ध, जैन, शीख आले). एक ख्रिश्चन आणि धर्मांतर नाही, तर ते लग्न टिकत नाही.

वारशाचा भाग मात्र आधीच घरच्यांपुढे मांडावा, हा तुमचा आग्रह आम्ही पाळतो. आंतरधर्मीय लग्नानंतर वारसा भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो आणि हिंदू जोडीदार एकत्र कुटुंबातून विभक्त मानला जातो. दोघेही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर हे लागू नाही. मुस्लिम वैयक्तिक कायद्यात फक्त मुली असतील तर त्यांना पूर्ण वारसा मिळत नाही; तो मिळावा म्हणून केरळचे वकील-अभिनेते सी. शुक्कूर यांनी ८ मार्च २०२३ रोजी पत्नीशी याच कायद्याखाली पुन्हा लग्न केले.

तुम्ही मराठीत लिहून दिलेला स्वीकाराच्या शब्दांचा कागद आता प्रत्येक जोडप्याच्या फाइलला पहिल्या पानावर लावतो.

आपले,
विवाह सल्ला कार्यकर्ते