फोटोतली वरात आणि इतर खुलासे

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

हे व्हॉट्सॲपवर न टाकता दादाला मेल करतेय, त्याने स्टँडवरच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यावी, कारण बाबा मोबाईलवर चार ओळींच्या पुढे वाचत नाहीत आणि वर "वाचलं" म्हणतात. जेवण, झोप, थंडी, कानटोपी यातलं काही लिहीत नाही, रविवारी फोनवर झालंय. मी ठणठणीत आहे.

आधी तो फोटो, हातगाडीत बसलेल्या मुलाबरोबरचा माझा. आई, तू काही बोलली नाहीस पण तुझ्या "बरं बरं"वरूनच कळलं की मामीने दाखवलाय. तर नीट ऐक. इथे जर्मनीत, ग्योटिंगनमध्ये, कुणाची पीएचडी झाली की लॅबवाले त्याला सजवलेल्या हातगाडीत बसवून गावातून ओढत नेतात, डोक्यावर पुठ्ठ्याची टोपी, टोपीवर त्याच्या संशोधनातल्या काय काय वस्तू चिकटवलेल्या (फोटोतल्या मुलाच्या टोपीवर प्लास्टिकचा उंदीर होता), आणि जुन्या टाऊन हॉलसमोर कारंज्यावर गेन्झेलीझल म्हणून हंस राखणाऱ्या पोरीचा पुतळा आहे, १९०१ पासूनचा, तिथपर्यंत वरात न्यायची. मग नव्या डॉक्टरने वर चढायचं, तिला फुलं द्यायची आणि गालावर पापी घ्यायची. पुतळ्याच्या. ब्राँझच्या. १९२६ मध्ये यावर बंदी आली होती तरी लोक थांबले नाहीत, आता कुणी अडवत नाही. बायकाही चढतात, मलाही चढावं लागेल, तेव्हा मामीला आत्ताच सांगून ठेव. तो मुलगा माझा सीनियर, लग्न झालेला, फोटो त्याच्या बायकोनेच काढलाय. माझ्या हातातली बाटली सफरचंदाच्या ज्यूसची होती. इतरांच्या हातातल्यांचं मी काही सांगत नाही.

दादा म्हणाला की आजीने तो फोटो बघून विचारलं, प्रमिलाचं लग्न कधी ठरलं. मी हसले फोनवर. आत्याचं लग्न होऊन चाळीस वर्षं झाली.

त्यावरूनच बाबांचा प्रश्न, की तू नक्की करतेस काय आणि त्यातून आजीला काही औषध मिळेल का. बाबा, मी ठिपके मोजते. चेष्टा नाही, खरंच. मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप देते ती जागा म्हणजे सिनॅप्स, आणि मधे वीसेक नॅनोमीटरची फट असते, म्हणजे केसाच्या जाडीचा चार हजारावा भाग धरा. उंदराच्या मेंदूच्या वरच्या थरात, मोहरीच्या दाण्याहून लहान तुकड्यात, असे शंभर कोटींच्या आसपास सिनॅप्स असतात. विसरण्याच्या आजारात मेंदूत चिकट गोळे साचतात हे डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलंच असेल, पण १९९१ मध्ये काही जणांनी गेलेल्या माणसांचे मेंदू तपासले तेव्हा माणूस किती विसरत होता याच्याशी सगळ्यात जास्त मेळ बसला तो गोळ्यांचा नाही, सिनॅप्स किती कमी झालेत याचा. म्हणून मोजायचे. औषध खूप पुढची गोष्ट आहे, आणि "तू तिथे असून काही करत नाहीस" असं जे काका म्हणाले ते बरोबर नाही.

आता मोजायचे कसे. साध्या प्रकाशाच्या मायक्रोस्कोपमधून ती फट दिसतच नाही. पसरणी घाटातून रात्री खाली बघितलं की लांबच्या ट्रकचे दोन हेडलाइट एकच दिवा वाटतात, ट्रक जवळ आला की दोन होतात, तसं. फक्त आमचा ट्रक कधी जवळ येत नाही. साधारण दोनशे नॅनोमीटरच्या आत काही असेल तर ते एकच दिसणार, हे येना गावच्या अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्येच लिहून ठेवलं आणि तिथे त्यांच्या स्मारकावर ते सूत्र दगडात कोरलंय. ही मर्यादा ओलांडल्याबद्दल आमच्या गावच्या स्टेफान हेल यांना आणखी दोघांबरोबर २०१४ चं नोबेल मिळालं. तसलं मशीन आमच्याकडेही आहे, पण नवशिक्यांचा नंबर रात्री नऊनंतर लागतो, म्हणून बुधवारी फोन उचलत नाही, रागावून नाही. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला फट स्वच्छ दिसते पण एवढ्याशा तुकड्याला महिने जातात.

म्हणून आम्ही युक्ती करतो. कांद्याच्या पापुद्र्यासारखे मेंदूचे काप, चाळीस मायक्रॉनचे म्हणजे केसाच्या निम्म्या जाडीचे, दादाच्या रांगोळीच्या ब्रशहून बारीक झिरो नंबरच्या ब्रशने उचलायचे, रात्रभर फ्रीजमध्ये अँटिबॉडीत (म्हणजे एका ठरावीक प्रथिनालाच चिकटणाऱ्या प्रथिनात) भिजवायचे. एक सशाची अँटिबॉडी, ती निरोप देणाऱ्या बाजूच्या प्रथिनाला चिकटते, एक गिनीपिगची, ती घेणाऱ्या बाजूच्या. मग एकाला हिरवा रंग, दुसऱ्याला लाल. काळ्या पडद्यावर हिरवे-लाल ठिपके उमटतात, आणि जिथे हिरव्याला लाल खेटून असेल तिथे सिनॅप्स आहे म्हणायचं. पण बावधनच्या बगाडाच्या गर्दीत एक बाई आणि एक पुरुष शेजारी उभे दिसले म्हणून नवरा-बायको ठरतात का? म्हणून लाल चित्र नव्वद अंशात फिरवून हिरव्यावर ठेवायचं आणि परत मोजायचं. तेव्हाही ज्या जोड्या जमतात त्या नुसत्या गर्दीमुळे, तेवढ्या वजा. (आई, तू पाठवतेस त्या स्थळांनाही हे एकदा करून बघ.)

उंदीर तूच मारतेस का, हे बाबांनी दोनदा विचारलं. काप मला तयार मिळतात. बरं, खरं सांगायचं तर त्या परवानगीचा कोर्स मीपण केलाय, लागतोच. तुमच्या गळ्यात माळ आहे म्हणून फोनवर बोलले नाही. आजीला सांगू नका, गणपतीचं वाहन म्हणून बसेल धरून, म्हणजे लक्षात राहिलं तर.

आणि जूनमध्ये मी "मोठं काहीतरी सापडलंय" म्हणाले होते ना, ते काही नव्हतं. अँटिबॉडी कापात आतपर्यंत मुरत नाही, लोणच्यातल्या फोडीसारखं, वरवर मसाला आणि आत कोरी. मी आजारी उंदरांच्या कापांचे फोटो चुकून जरा खोलातून घेतले आणि निरोग्यांचे वरून, मग दीड महिना खुशीत होते की बघा सिनॅप्स कमी झालेत. मग सगळं पुन्हा केलं, दोन्हींचे फोटो सारख्याच खोलातून घेऊन, तर फरक अगदी थोडा. बाबांनी सोसायटीत सगळ्यांना सांगितलं असेल तर राहू दे, मुद्दाम जाऊन खोडू नका.

आता बाकीचं पटापट. कर्जाचे पाच लाख राहिलेत, या महिन्यापासून हप्ता सोडून वर वीस हजार भरतेय, तेव्हा माळावरचं वावर विकायचा विषय बंद. माझं कॉन्ट्रॅक्ट मार्चपर्यंत आहे, वाढेल बहुतेक, सर म्हणालेत, लेखी यायचंय. कराडचं स्थळ चांगलं असेल पण मी नाही म्हटलं म्हणजे इथे कुणी आहे असं नाही. कुणी नाही. असेल तर तुम्हालाच आधी सांगेन, मामीला नाही. दादाच्या लग्नाचं तिकीट काढलं, पण मी हळदीच्या दिवशी सकाळी मुंबईत उतरणार, म्हणजे मेंदीला नाही, आणि आठव्या दिवशी परत, डिसेंबरातच मशीनचे सलग दिवस मिळालेत. वहिनीच्या साडीचे पैसे दादाला पाठवलेत, आहेर म्हणून नको, माझ्याकडून म्हणून.

रविवारी फोन आजीच्या उजव्या कानाला लावा, डाव्याने ऐकू येत नाही तिला, मागच्या वेळी डाव्याला लावला होता. आणि मधेमधे "अगं ही चिमी आहे, प्रमिला नाही" असं सांगत बसू नका. ती प्रमिला म्हणून बोलली तर मी बोलेन तशीच.

तुमची,
चिमी