भाड्याचे यंत्र डेडस्टॉकला कसे दाखवायचे?

संपादक महोदय,

कोकणात संशोधन वाढले पाहिजे, अशी भाषणे आपल्या पानांवर नेहमी वाचतो. एका उच्च शिक्षण संस्थेच्या लेखा शाखेतून निवृत्त झालो असल्याने त्यातली एक रुक्ष अडचण मांडतो. ती म्हणजे क्लाउडचे, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने वापरलेल्या संगणकाचे, बिल.

किनाऱ्याची धूप मोजायची, आंबा बागांचा नकाशा करायचा, तर सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमा फुकट मिळतात. पैसे लागतात ते त्या चाळायला. पाच-सात वर्षांच्या प्रतिमा प्रयोगशाळेतल्या संगणकाला झेपत नाहीत. मोठे यंत्र तासाच्या भाड्याने घ्यावे लागते. इथेच घोडे पेंड खाते. अंदाजपत्रकातल्या यंत्रसामग्रीच्या शीर्षातून (खर्चाच्या सदरातून) सर्व्हर विकत घेतला, की डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे संस्थेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद होते आणि लेखापरीक्षकाला वस्तू दाखवता येते. भाड्याचे यंत्र दाखवणार कुठून? तीन कोटेशने मागवावीत, तर खरी रक्कम वापर झाल्यावरच कळणार, तीही बऱ्याचदा डॉलरमध्ये. मग प्राध्यापक स्वतःचे क्रेडिट कार्ड लावतात आणि प्रतिपूर्तीच्या फायलीमागे फिरत राहतात.

बरे, विकतच्या सर्व्हरचे तरी इथे कुठे सुख आहे? खारी दमट हवा, मधूनच जाणारी वीज. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडची कित्येक गावे किती दिवस अंधारात होती, ते वाचकांना सांगायला नको.

लेखा शाखेची धास्ती मात्र अगदीच खोटी नाही. काम झाल्यावर यंत्र बंद करायचे राहिले, तर मीटर पळतच राहतो. खर्चमर्यादेची सूचना ईमेलने येते, पण नुसत्या सूचनेने यंत्र बंद पडत नाही. ती सोय वेगळी करावी लागते. साठवलेल्या माहितीचे भाडे निराळे, ती बाहेर उतरवून घ्यायचेही पैसे.

म्हणूनच हा भार एकट्या प्राध्यापकावर नको. विद्यापीठाने एकच खाते उघडावे, बिल रुपयांत घ्यावे, प्रत्येक प्रकल्पाला मर्यादा घालावी आणि आवर्ती खर्चात 'संगणन' असे स्वतंत्र शीर्ष ठेवावे. मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या इंडियाएआय मिशन या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या योजनेतून केंद्र सरकारच सवलतीच्या दराने, तासावर जीपीयू (जड आकडेमोडीच्या वेगवान चिप) देते. भाड्याने देणे सरकारला चालते, मग भाडे भरायला शीर्ष का नसावे?

येत्या अंदाजपत्रकात एवढे तरी व्हावे. ३१ मार्च जवळ आला, की उरलेल्या अनुदानातून घाईघाईने प्रिंटर घेतले जातात. तेवढ्या पैशांत यंत्राचे किती तास मिळाले असते, याचा हिशेब वित्त समितीने एकदा मागवावा.

– एक निवृत्त लेखापाल, रत्नागिरी